कुणाचं लक्ष नसलेली बाई

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयाच्या कट्ट्यावर एका जुन्या इंग्रजी कादंबरीवरून चांगलीच जुंपली. कादंबरी १९६६ सालची, अमेरिकन लेखिका डोरोथी गिलमन यांची. न्यू जर्सीतली मिसेस पॉलिफॅक्स, साठी ओलांडलेली विधवा, मुलं आपापल्या संसारात. बागकाम, समाजसेवेच्या समित्या, संध्याकाळचा चहा असं तिचं चाललेलं असतं. एक दिवस ती उठते, थेट सीआयएच्या कचेरीत जाते आणि सांगते, मला हेर व्हायचंय. एका गैरसमजातून तिची निवड होते. मेक्सिकोतल्या एका पुस्तकाच्या दुकानातून एक वस्तू घेऊन यायची, एवढंच काम. आणि बाई जाऊन पोचतात ते अल्बानियाच्या डोंगरातल्या कैदेत. तिथून सुटतातही. या एका बाईवर गिलमन यांनी २००० सालापर्यंत चौदा कादंबऱ्या लिहिल्या.

कट्ट्यावर एका बाजूचं म्हणणं असं की हे सगळं थोतांड आहे. हेरगिरी म्हणजे जिवाशी गाठ, तिथे फुलांची टोपी घातलेल्या म्हातारीचं काय काम? दुसरी बाजू बचावाला उभी राहिली, पण बचाव तरी कसला? "अहो, टाइमपास आहे, इतकं मनावर कशाला घेता?" दोन तास वाद झाला, चहाच्या दोन फेऱ्या झाल्या, आणि दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासताच मान्य करून टाकली: म्हातारी बाई हेर असणं ही मुळात हसण्याचीच कल्पना आहे. एकाला त्या हसण्याचा राग होता, दुसऱ्याला मजा होती. फरक तेवढाच.

मला ही सुरुवातच मान्य नाही. माझं म्हणणं असं की वय झालेली, शिक्षण-प्रशिक्षण नसलेली, एकटी परदेशी निघालेली बाई ही हेरकथेतली सगळ्यात पटण्यासारखी व्यक्ती आहे. तिची गोष्ट हलक्या हाताने सांगितली म्हणून ती खोटी ठरत नाही. आणि तिला "काहीतरीच काय" म्हणून उडवून लावताना आपण पुस्तकाबद्दल फार कमी बोलत असतो. आपल्या घरातल्या, शेजारच्या, एसटीत खिडकीशी बसलेल्या साठीच्या बायकांबद्दल आपल्याला काय वाटतं, तेच आपण बोलून जातो.

हेराचं काम नेमकं काय असतं? बंदुका आणि धावत्या गाड्या हा सिनेमाचा भाग झाला. प्रत्यक्षात बघायचं, ऐकायचं, लक्षात ठेवायचं आणि हे सगळं करताना कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही, एवढंच ते काम आहे. आता हे वर्णन वाचून कोण डोळ्यांसमोर येतं ते प्रामाणिकपणे सांगा. समोरच्या बिऱ्हाडात नवा भाडेकरू कधी आला, त्याच्याकडे दर गुरुवारी येणारा माणूस कोण, कुठल्या घरी दूध अर्ध्या लिटरने कमी झालं आणि का, हे आपल्या प्रत्येक गल्लीत एका बाईला ठाऊक असतं. या कौशल्याला मराठीत शब्दांची वाण नाही. भोचक, चोंबडी, नसत्या चौकशा करणारी, गल्लीची सीआयडी. हेच कौशल्य पुरुषाकडे असलं की तो चाणाक्ष होतो, धूर्त होतो, हाडाचा पत्रकार होतो. भाषेनेच निकाल देऊन ठेवला आहे की बाईचं निरीक्षण म्हणजे रिकामपणाचा उद्योग. मग त्या उद्योगाला कुणी पगार आणि विमानाचं तिकीट दिलं की हसू येणारच. माझी पिढी आणि माझ्या आधीची पिढी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढली. आम्ही ती पुस्तकं अक्षरशः फाटेपर्यंत वाचली आणि मला त्यांच्याबद्दल आजही माया आहे. पण झुंजार खरा कसा, असा प्रश्न तेव्हा कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. शक्याशक्यतेची फूटपट्टी फक्त आजीबाईंनाच का?

ज्यांना ही कल्पना पाश्चात्त्य चैन वाटते त्यांनी कौटिल्याकडे जावं. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात हेरांचे दोन मोठे वर्ग सांगितले आहेत. 'संस्था' म्हणजे एका जागी ठाण मांडून बसलेले, 'संचार' म्हणजे फिरते. या फिरत्या हेरांमध्ये राज्याने पोसून शिकवलेला सत्री आहे, मारेकरी तीक्ष्ण आहे, विष घालणारा रसद आहे, आणि त्यांच्या पंक्तीला परिव्राजिका, म्हणजे फिरती संन्यासिनी, आहे. तिच्यासाठी कौटिल्याने वापरलेली विशेषणं एकेक करून वाचा: वृत्तिकामा, दरिद्रा, विधवा, प्रगल्भा. पोटासाठी काम शोधणारी, गरीब, नवरा नसलेली आणि धीट. अंतःपुरात तिला मान आहे, म्हणून तिने बड्या अधिकाऱ्यांच्या घरी जात-येत राहावं, असं तो सांगतो. मला यातलं 'प्रगल्भा' फार महत्त्वाचं वाटतं. विधवा आणि दरिद्री या शब्दांपुढे आपल्याकडे सहसा 'बिचारी' येतं. राज्य चालवायला निघालेल्या, भावनेचा लवलेश नसलेल्या त्या माणसाने मात्र तिथे धीट हा शब्द घातला. आणि तिला बसवून नाही ठेवलं, फिरती ठेवली. त्याला बाईंचं कौतुक करायचं नव्हतं. कुठल्या दारात कुणाला अडवलं जात नाही, एवढाच त्याचा हिशोब होता.

हा हिशोब पुढेही कधी चुकला नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या बेल्जियममध्ये आणि उत्तर फ्रान्समध्ये 'ला दाम ब्लांश' नावाचं गुप्त जाळं उभं राहिलं. दाम ब्लांश म्हणजे शुभ्रवस्त्रा स्त्री. तिचं दिसणं म्हणजे जर्मन राजघराण्याचा अंत, अशी दंतकथा होती, त्यावरून हे नाव. हजारावर माणसं या जाळ्यात होती आणि त्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा बायकांचा. काम काय, तर रेल्वेगाड्या मोजायच्या. कुठल्या मार्गाने किती डबे गेले, त्यात शिपाई किती, घोडे किती, तोफा किती. फ्रान्समधल्या फुर्मी या गावाजवळ रुळांच्या कडेला राहणारं एक कुटुंब हे काम करत होतं. वडील पूर्वी रेल्वेत, आई घर सांभाळणारी, दोन मुली तेरा-चौदा वर्षांच्या. दिवसा मुली खिडकीशी, रात्री आईवडील. शिपायांसाठी घेवड्याचे दाणे, घोड्यांसाठी चिकोरी, तोफांसाठी कॉफी अशी मोजणी ठेवायची. आणि लिहिलेला अहवाल स्वयंपाकघरातल्या केरसुणीच्या पोकळ दांड्यात लपवायचा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्या केरसुणीपाशीच थांबले. झडतीला आलेला शिपाई कपाटं उघडतो, गाद्या उसवतो, पण बाईच्या हातातली केरसुणी त्याला दिसत नाही. ती त्याच्या डोळ्यांना दिसतेच, पण त्याच्या दृष्टीने ती वस्तू नाहीच. आणि तिला धरलेली बाईही नाही.

दुसऱ्या महायुद्धातलं एक नाव आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे: नूर इनायत खान. वडील बडोद्याचे, त्यामुळे आपल्याला ती जवळची वाटते, आणि वाटावीच. एकोणतिसाव्या वर्षी ती बिनतारी यंत्र चालवायला फ्रान्समध्ये उतरली आणि तिसाव्या वर्षी, सप्टेंबर १९४४ मध्ये, दाखाउच्या नाझी छावणीत मारली गेली. पण तिला पाठवणाऱ्या एसओई या ब्रिटिश गुप्त संघटनेनेच तिच्या आधी जवळजवळ वर्षभर फ्रान्समध्ये धाडलेली इव्होन रुदेला किती जणांना माहीत आहे? जुलै १९४२ मध्ये ती फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरली तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती आणि तिला नातवंड होतं. त्याआधी ती लंडनच्या एका हॉटेलात स्वागतिका होती. लुआर नदीच्या खोऱ्यात ती सायकलवरून स्फोटकं नेत असे, कारण सायकलवरून पिशवी घेऊन जाणाऱ्या प्रौढ बाईला थांबवावं असं फारसं कुणाला वाटत नसे. जून १९४३ मध्ये ती पकडली गेली, डोक्यात गोळी लागूनही वाचली, आणि बेर्गेन-बेल्सेनची छावणी मुक्त झाल्यावर थोड्याच दिवसांत तिथेच वारली. त्याच संघटनेची मारी-तेरेझ ल शेन फ्रान्सला गेली तेव्हा बावन्न वर्षांची होती. ती काम करून परत आली. नूरची कहाणी आपण सांगतो, कारण ती तरुण होती, सुंदर होती, राजघराण्याचं वलय होतं. या दोघींची सांगत नाही. त्या मागे राहिल्या त्याचं कारण त्यांचं शौर्य कमी होतं, असं कुणी म्हणू शकेल का?

आणि व्हर्जिनिया हॉलचं उदाहरण तर मला या वादातला शेवटचा शब्द वाटतं. ही अमेरिकन बाई, एक पाय लाकडी, १९४१-४२ मध्ये फ्रान्समध्ये इतकं काम करून बसली होती की जर्मन तिच्या मागावर होते. तिचं लंगडणं त्यांना माहीत होतं. मार्च १९४४ मध्ये तिला पुन्हा फ्रान्समध्ये जायचं होतं. वय सदतीस. मग तिने काय केलं? केस करडे केले, घेरदार झगे एकावर एक चढवले, पाय ओढत चालायला शिकली आणि खेड्यातली म्हातारी होऊन उतरली. गुरं राखली, शेळ्या राखल्या, आणि चीज विकायच्या निमित्ताने जर्मन सैनिकांच्या जवळून फिरून त्यांचं बोलणं ऐकलं. जगातल्या अनुभवी हेरांपैकी एका बाईला जेव्हा स्वतःला लपवायचं होतं, तेव्हा तिने म्हातारपणाचं सोंग घेतलं. यानंतरही साठीची बाई हेर म्हणून शोभत नाही असं म्हणायचं असेल, तर ते व्हर्जिनिया हॉलला समजावून सांगावं लागेल.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, आणि ते थोडं नाही. पहिली गोष्ट, कौटिल्य सोडला तर मी दिलेली सगळी उदाहरणं युद्धातली आहेत आणि त्यांतली काही मरणाशी संपतात. एडिथ कॅव्हल ही ब्रिटिश परिचारिका एकोणपन्नास वर्षांची होती. ब्रसेल्समध्ये तिने दोस्तांच्या सैनिकांना पळून जायला मदत केली म्हणून जर्मनांनी तिला १२ ऑक्टोबर १९१५ रोजी गोळ्या घातल्या. प्रौढ बाई म्हणून तिला कुणी सोडलं नाही. कादंबरीतली बाई मात्र दर वेळी घरी परतते आणि कुंड्यांना पाणी घालते. हा फरक लपवण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे आणि आमच्या कट्ट्यावर तो एका निवृत्त शिक्षकांनी मांडला. ते म्हणाले, अल्बानिया हा कुणाच्या सुट्टीचा देखावा नाही. बरोबर आहे. १९४९ पासून काही वर्षं ब्रिटन आणि अमेरिकेने परागंदा अल्बानियन तरुणांना गुपचूप त्या देशात उतरवलं, कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजांची राजवट उलथवण्यासाठी. सोव्हिएत रशियाला फितूर असलेल्या किम फिल्बी या ब्रिटिश गुप्तचर अधिकाऱ्याने आतूनच बातमी फोडली. माणसं उतरताच पकडली गेली, मारली गेली, त्यांच्या नातेवाइकांचे हाल झाले. त्याच सीआयएने १९५३ मध्ये इराणमध्ये आणि १९५४ मध्ये ग्वाटेमालात लोकांनी निवडलेली सरकारं पाडायला हातभार लावला. अशा संस्थेला एक प्रेमळ आजी जोडून दिली की संस्थाही प्रेमळ दिसू लागते, हा आरोप मला पूर्ण फेटाळता येत नाही. त्या कादंबऱ्यांतले सीआयएचे अधिकारी फारच सज्जन आहेत, हे मला वाचतानाही खटकलं होतं आणि आजही खटकतं.

पण हा आक्षेप कुणावर आहे, ते नीट पाहायला हवं. तो संस्थेवर आहे, त्या बाईवर नाही. तरुण, देखण्या, मद्याचे पेले उंचावणाऱ्या पुरुष हेरांच्या कथांनी गुप्तहेर संस्थांना जेवढं झळाळी देऊन विकलं, त्याच्या शंभराव्या हिश्शानेही या आजीने विकलं नसेल. त्या कथा वाचताना इराण आठवला पाहिजे असा हट्ट कुणी धरत नाही. शिक्षकांचा मुद्दा मला हवा आहे, फक्त तो सगळ्यांना सारखा लागू व्हावा. म्हातारीच्या गोष्टीला तेवढी इतिहासाची परीक्षा आणि इतरांना गुणपत्रिका न बघता प्रवेश, हे चालणार नाही.

तिसरा मुद्दा हसण्याचा. 'गोड आजी' या कल्पनेत अपमान दडलेला असतो, असं आमच्या कट्ट्यावरच्या दोन तरुण मुली म्हणाल्या, आणि त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. मेलिटा नॉरवूडची गोष्ट त्यांच्या बाजूने साक्ष देते. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या बेक्सलीहीथ उपनगरातली सत्त्याऐंशी वर्षांची ही बाई सोव्हिएत हेर असल्याचं जगजाहीर झालं. ज्या संस्थेत ती नोकरीला होती तिथून तिने ब्रिटनच्या अणुप्रकल्पाशी संबंधित कागद रशियाला पुरवले होते. ती आपल्या बागेत उभी राहून पत्रकारांशी बोलली. वर्तमानपत्रांनी लगेच तिला हेर-आजी केलं, आणि एकदा आजी केल्यावर तिने केलं ते मागे पडलं. तिच्यावर खटला झाला नाही. ब्रिटिश गुप्तचरांना तिचा संशय १९६० च्या दशकातच आला होता, तरी तेव्हा तिला साधं विचारलंही गेलं नव्हतं. मला त्या बाईबद्दल आदर नाही. पण तिने चार दशकं समजून-उमजून, आपल्या राजकीय श्रद्धेपोटी केलेल्या कामाला 'आजीबाईंची करामत' म्हणणं म्हणजे तिला गुन्हा करण्याइतकीही अक्कल नाकारणं आहे. हसण्याने असं होतं. हसू आलं की समोरच्याला गंभीरपणे घ्यायची जबाबदारी संपते.

म्हणूनच कोण कुणाला हसतंय हे बघणं भाग आहे. म्हातारीवर हसणं वेगळं आणि म्हातारीसोबत तिला हलकं समजणाऱ्यांवर हसणं वेगळं. मिसेस पॉलिफॅक्सची पहिली कादंबरी सुरू कुठून होते ते लक्षात घ्या. बाई गच्चीवर जिरेनियमच्या कुंड्यांपाशी असतात आणि कठड्याच्या फार जवळ जातात. पुढचं पाऊल टाकावं की नाही, असा एक क्षण येऊन जातो. हे त्या डॉक्टरांना सांगतात. तब्येत ठणठणीत, पैशाची ददात नाही, मुलं चांगली, आणि जगण्याचं कारण सापडत नाही. डॉक्टर विचारतात, कधी काही करावंसं वाटलं होतं का, जे राहून गेलं? त्यावर बाईंना आठवतं की लहानपणी त्यांना हेर व्हायचं होतं. ज्यांनी या पुस्तकाला टाइमपास म्हटलं त्यांनी हे पान वाचलं नसावं, किंवा वाचून विसरले असावेत. या गोष्टीतला सगळा हलकेपणा त्या कठड्यापासून मागे फिरलेल्या पावलातून आलेला आहे. मरणाच्या एवढ्या जवळ जाऊन आलेल्या माणसाला अल्बानियातल्या पहारेकऱ्याची भीती कमी वाटली, तर त्यात न पटण्यासारखं काय आहे?

शिवाय हलकंफुलकं लिहिणं म्हणजे उथळ लिहिणं हे समीकरण आपल्या परंपरेतलं तरी नाही. आठव्या शतकातल्या भवभूतीचं, म्हणजे विदर्भातल्या पद्मपूरच्या माणसाचं, 'मालतीमाधव' घ्या. कुंडिनपूरच्या अमात्याचा मुलगा माधव पद्मावती नगरीत शिकायला येतो, निदान सांगायला तरी शिकायला. मालतीशी त्याचं लग्न लागावं म्हणून सगळी सूत्रं हलवते ती कामंदकी, एक वयोवृद्ध बौद्ध भिक्षुणी. राजाला मालती आपल्या मर्जीतल्या नंदनाला द्यायची आहे. राजाच्या इच्छेविरुद्ध उघड जाणं शक्य नाही. मग कामंदकी शिष्यांकडून खबरी आणते, भेटी घडवते, आणि शेवटी मालतीच्या वेषात माधवाच्या मित्रालाच नंदनाशी बोहल्यावर उभं करते. प्रेक्षक हसून लोळावा असा प्रसंग आहे, आणि त्याच नाटकात स्मशान आहे, नरबळी आहे. भवभूतीने तिचं नाव कामंदक या राजनीतीच्या ग्रंथकाराची आठवण व्हावी असं ठेवलं. भगवी वस्त्रं नेसलेल्या म्हाताऱ्या बाईच्या डोक्यात राजाला पुरून उरणारी नीती असू शकते, हे त्याच्या प्रेक्षकाला पटत होतं. आपल्याला का पटत नाही?

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती म्हणजे सरहद्द. गावात बसून विणकाम करता करता खुनाचा उलगडा करणारी, ॲगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलसारखी आजी आपल्याला चालते, १९२७ पासून सगळ्या जगाला चालत आली आहे. ती आपल्या जागी आहे. पासपोर्ट घेऊन निघालेली आजी चालत नाही. आपल्याकडे वय झालेल्या बाईच्या प्रवासाला कारण लागतं, आणि कारणं मोजकीच मंजूर आहेत. वारी, काशी, कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न, आणि परदेशी जायचं तर लेकीचं किंवा सुनेचं बाळंतपण. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ मध्ये सगळ्या बायकांना अर्धं तिकीट लागू झालं. तेव्हा खर्चावर जी टीका झाली ती मी समजू शकते. सरकारी तिजोरीचा प्रश्न आहे, त्यावर वाद व्हायलाच हवा. पण त्याच्या जोडीला एक वाक्य मी घराघरांत ऐकलं: "आता बायका उगाच हिंडत बसतील." उगाच! आयुष्यभर कुणा ना कुणासाठी प्रवास केलेल्या बाईने एकदा कारणाशिवाय शेजारच्या तालुक्याचं गाव बघून यावं, हे आपल्याला नासाडीसारखं वाटतं. मग ती मेक्सिकोला निघाली तर आपण पुस्तक मिटणारच.

माझी मावशी अडुसष्टाव्या वर्षी बायकांच्या सहलीबरोबर तुर्कस्तानला गेली होती. मीही होते. इस्तंबूलच्या झाकलेल्या बाजारात बाकीच्या दिवे आणि शाली बघायला पांगल्या. मावशीचे गुडघे दुखत होते म्हणून एका दुकानदाराने तिला बाहेर स्टूल दिलं. चाळीस मिनिटांनी मी परत आले तेव्हा ती जागची हलली नव्हती, आणि तिने मला जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. ट्रे टांगून चहा देत फिरणारा पोरगा तीन दुकानांतून पैसे घेत नाही, प्लास्टिकची चकती घेतो, म्हणजे त्यांचं महिन्याचं खातं आहे. समोरच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला मालक नाही. मालक तो दारातला म्हातारा, कारण गिऱ्हाईकाला भाव सांगण्याआधी गल्ल्यावरचा त्याच्याकडे बघतो. पलीकडच्या दोन दुकानदारांचं बोलणं बंद आहे, पण त्यांची पोरं बोलतात, बाप आत गेला की. तुर्की भाषेचं एक अक्षर तिला येत नव्हतं. मी विचारलं, तुला कुणी काही विचारलं नाही? ती म्हणाली, "मला कोण विचारतंय? गालिचेवाल्याने पण नाही विचारलं." त्या बाजारात गालिचेवाला खांबालाही थांबवतो. अडुसष्ट वर्षांच्या, पांढरे बूट आणि साडी घातलेल्या बाईला त्याने थांबवलं नाही.

इथे एक प्रामाणिक आक्षेप मी स्वतःच घेते. अमेरिकन गोऱ्या विधवेला जगात कुठेही सहज मिसळता येतं, कारण तिच्या हातात तो पासपोर्ट आहे. आपल्या बाईला विमानतळाच्या काउंटरवर वेगळे प्रश्न विचारले जातात. किती दिवस राहणार, परतीचं तिकीट कुठे आहे, पैसे कोण देतं. परदेशात साडी लपत नाही, रंग लपत नाही. हे खरं आहे आणि ते कुठल्याही कादंबरीने विसरू नये. पण मावशीच्या त्या चाळीस मिनिटांनी मला हेही शिकवलं की दिसणं आणि लक्षात येणं वेगळं. साडीवर नजर पडते, भारतीय आजी असा निकाल लागतो, आणि नजर पुढे जाते. निकाल लागला की कुणी पुन्हा बघत नाही. त्या केरसुणीसारखंच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. या गोष्टीवर हसायचं की नाही हा वाद सोडावा आणि ही गोष्ट मराठीत कुणीतरी लिहावी. आपल्याला न्यू जर्सीला जायची गरज नाही. रत्नागिरीच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं फोन जोडून निवृत्त झालेली एक बाई मला केव्हापासून दिसते आहे. हेडफोन कानाला लावून तिने किती जणांचे आवाज ऐकले असतील! आनंदाचे, मरणाच्या निरोपाचे, खोटं बोलणारे. ती लेकीच्या बाळंतपणासाठी मस्कतला निघाली आहे, तीन महिन्यांसाठी. बॅगेत डिंकाचे लाडू आहेत, बाळंतविडा आहे. मस्कतला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी, जावयाच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये, तिच्यामागे उभा राहून फोनवर बोलणाऱ्या एका माणसाचा आवाज तिला ओळखीचा वाटतो. तो आवाज तिने १९८६ साली ऐकला होता, आणि ज्या माणसाचा तो होता तो त्याच वर्षी वारल्याची बातमी पेपरात आली होती. ती वळून बघत नाही. पाचवा मजला येतो, तो उतरतो, आणि ती दार बंद होईपर्यंत त्याच्या चपलांचा आवाज ऐकत राहते, डावीकडे गेला की उजवीकडे.